दिवड ओळखा, पण दंशानंतर ओळखीवर विसंबू नका

शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. पारगावच्या पुलाच्या दोन्ही अंगांना ऊस, चाऱ्या, विहिरी, शेततळी. त्यामुळे दिवड आम्हाला बारमाही दिसतो. काही जण त्याला विरोळा म्हणतात. तो पूर्ण बिनविषारी आहे. मासे आणि बेडूक खातो. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकडे, डोळ्याखालून आणि डोळ्यामागून तिरक्या उतरणाऱ्या दोन काळ्या रेघा. स्वभाव मात्र तापट. डिवचला की मान चपटी करून पुढचं अंग उचलतो आणि नाग समजून हकनाक मारला जातो. चावला तर रक्त निघतं, विष भिनत नाही.

ही माहिती गावात सगळ्यांना आहे, आणि तिनंच एकदा घात केला. पावसाळ्यात ऊस खुरपताना एका मजुराच्या पायाला साप चावला आणि पाचटात शिरला. शेजारीच चारी वाहत होती, म्हणून सगळ्यांनी ठरवलं, ‘दिवडच असणार.’ मी पोचलो तेव्हा पाय सुजला होता, जखमेचं रक्त थांबत नव्हतं, हिरड्यांतूनही येत होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवलं. ते गोठलं नाही. चावली होती घोणस. माणूस वाचला, पण वाया गेलेल्या वेळात मूत्रपिंडांना इजा झाली आणि डायलिसिस करावं लागलं.

उसात उंदीर असतात, म्हणून तिथं घोणसही असते. पाणी जवळ आहे एवढ्यावरून साप ठरत नाही. घोणशीचं अंग जाड, डोकं त्रिकोणी, पाठीवर गडद ठिपक्यांच्या तीन रांगा. पण पाचटात क्षणभर दिसलेल्या सापाचं एवढं कोण पाहणार?

म्हणून दंश झाला की साप कोणता यावर चर्चा नको. जोडवी, पैंजण, अंगठी काढा. पायाला काठीचा आधार देऊन तो हलू देऊ नका, रुग्णाला चालवू नका. आवळून बांधणं, चिरा देणं, रक्त चोखणं, मांत्रिक, सगळं टाळा. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं निघा. साप मारून नेण्याची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं आणि डॉक्टर लक्षणं पाहून उपचार करतात. दिवड चावल्याची खात्री वाटली तरी जखम साबणानं धुऊन डॉक्टरांना दाखवा.

खुरपताना गमबूट घाला, रात्री पाणी धरायला जाताना बॅटरी घ्या, पाचट आधी काठीनं हलवा. दिवड दिसला तर वाट द्या. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे. आणि तुमच्या वस्तीपासून सर्वांत जवळ प्रतिविष कुठं मिळतं, हे आजच विचारून घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.