विमानप्रवास आणि वेळेचा ताळेबंद : रायपूरच्या निमित्ताने

रायपूर शहरापासून सुमारे १५ किलोमीटरवर माना येथे असलेल्या विमानतळाला २०१२ साली स्वामी विवेकानंदांचे नाव देण्यात आले. या नावात एक अर्थपूर्ण योगायोग दडलेला आहे. १८७७ साली बालवयातील नरेंद्र आपल्या कुटुंबासह रायपुरास आला, तेव्हा या गावापर्यंत रेल्वे पोहोचलेली नव्हती. प्रवासाचा अखेरचा मोठा टप्पा या कुटुंबाने बैलगाडीतून, अरण्यमार्गाने, कित्येक दिवसांत पार केला. आज त्याच नावाच्या विमानतळावरून मुंबई गाठण्यास दोन तासही लागत नाहीत. वेग वाढला हे उघडच आहे; परंतु या वेगाची किंमत कोण, किती आणि कोणत्या खात्यातून चुकती करतो, हे तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

प्रथम वेळेचाच विचार करू. वेळापत्रकात दिसणारा काळ आणि प्रत्यक्ष खर्च होणारा काळ यांत मोठे अंतर असते. घरापासून माना येथे पोहोचण्यास पाऊण तास, उड्डाणापूर्वी दीड-दोन तासांची उपस्थिती, प्रत्यक्ष उड्डाण, सामान मिळण्याची प्रतीक्षा आणि मुंबईतील रहदारी हे सारे धरले, तर घर ते घर हा प्रवास सहा तासांच्या आसपास जातो. रेल्वेने हेच सुमारे ११४० किलोमीटरचे अंतर कापण्यास, दोन्हीकडचे जाणेयेणे धरून, साधारणतः वीस तास लागतात. म्हणजे निव्वळ बचत चौदा तासांची. मात्र त्यांपैकी सात-आठ तास प्रवासी रात्री बर्थवर झोपलेला असतो. झोपेचे तास घरीही खर्च झालेच असते! तेव्हा जागेपणीची खरी बचत सहा-सात तासांचीच राहते.

आता या बचतीला रुपयांचे मोल लावून पाहू. दरमहा ६०,००० रुपये मिळविणाऱ्या व्यक्तीने महिन्यात २०० तास काम केले, असे गृहीत धरल्यास तिच्या एका तासाचे मूल्य ३०० रुपये होते. सहा तासांचे १,८०० रुपये. विमान आणि रेल्वे यांच्या भाड्यांतील फरक याहून कमी असेल, तर विमान परवडले असे म्हणता येईल. दरमहा १५,००० रुपये मिळविणाऱ्यासाठी हाच आकडा अवघा ४५० रुपये येतो. एकच उड्डाण एकासाठी काटकसर आणि दुसऱ्यासाठी चैन ठरते, ते असे.

अर्थात, हे गणित नेहमीच्या दिवसांचे. काही तास असे असतात की त्यांना पगाराचे माप लागूच पडत नाही. बस्तरमधील चकमकींत जखमी झालेल्या जवानांना हेलिकॉप्टरने रायपूरच्या रुग्णालयांत आणले जाते, तेव्हा एकेक मिनिटाचे मोल किती, हे कोणत्या कोष्टकात मांडावे? जगदलपूरचे उदाहरण येथे विशेष बोलके आहे. रायपूर ते जगदलपूर हे रस्त्याने सुमारे ३०० किलोमीटर अंतर केशकालचा घाट ओलांडून सहा-सात तासांत कापावे लागते. सरळ लोहमार्ग नाही. बैलाडिलाचे लोहखनिज समुद्रापर्यंत, विशाखापट्टणमला, नेण्यासाठी १९६० च्या दशकात रेल्वेमार्ग बांधला गेला. पण बस्तरच्या माणसाला आपल्या राजधानीस जाण्यासाठी तसा मार्ग लाभला नाही. म्हणूनच २१ सप्टेंबर २०२० रोजी रायपूर-जगदलपूर-हैदराबाद ही विमानसेवा सुरू झाली, तेव्हा तिचे महत्त्व मुंबई-रायपूर सेवेहून वेगळे होते. येथे विमान रेल्वेशी स्पर्धा करीत नव्हते, तर रेल्वेची उणीव भरून काढीत होते. मार्च २०२१ पासून बिलासपूरही विमानसेवेने जोडले गेले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अंबिकापूरच्या विमानतळाचे उद्घाटन झाले.

अशा छोट्या विमानतळांना केंद्र शासनाच्या ‘उडान’ योजनेचा आधार असतो. एप्रिल २०१७ मध्ये या योजनेतील पहिले विमान उडाले. ठराविक आसने मर्यादित भाड्यात द्यावयाची आणि त्यातून येणारी तूट तीन वर्षांपर्यंत अनुदानाने भरून काढावयाची, असे तिचे स्वरूप. कर्जप्रकरणे हाताळणाऱ्यास येथे एक प्रश्न सुचल्यावाचून राहणार नाही : अनुदान संपल्यावर काय? भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात याचे उत्तर सापडते. योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ मार्गांवरच सेवा सुरू झाली; तीन वर्षांची मुदत ११२ मार्गांनी पूर्ण केली; आणि त्यानंतर मार्च २०२३ पर्यंत केवळ ५४ मार्ग टिकून राहिले. विमान उतरले म्हणजे विकास उतरला, असे मानणे घाईचे ठरते. आसने भरतील इतका व्यापार, पर्यटन, शिक्षण वा उपचारांसाठीची ये-जा त्या गावी असावी लागते.

विमान-व्यवसायात उभे राहण्यासही पैसे पडतात, याचा एक नमुना मानानेच पाहिला आहे. ७ ऑगस्ट २०१५ रोजी ढाक्याहून मस्कतला निघालेले एक बांगलादेशी प्रवासी विमान इंजिनातील बिघाडामुळे येथे उतरले. प्रवासी दुसऱ्या विमानाने सुखरूप गेले. विमान मात्र वर्षानुवर्षे तेथेच पडून राहिले आणि जागाभाड्याची थकबाकी वाढत गेली. अनुत्पादक मालमत्ता म्हणजे काय, हे याहून सोप्या रीतीने समजावून सांगणे कठीण!

ज्या खात्याची नोंद तिकिटावर कोठेही होत नाही, ते पर्यावरणाचे. एक किलो विमान-इंधन जळाले की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. मुंबई-रायपूर या सुमारे ९५० किलोमीटरच्या उड्डाणास १८० आसनी विमान अंदाजे साडेतीन ते चार टन इंधन वापरते. म्हणजे एका आसनामागे एका फेरीत साठ ते सत्तर किलो वायू. जागा रिकाम्या राहिल्या, तर बसलेल्यांच्या वाट्याचा हा आकडा वाढतो. विद्युतीकरण झालेल्या रेल्वेत माणशी भार याहून पुष्कळ कमी असतो. अर्थात, रेल्वे पूर्णतः निर्दोष नाही. तिच्या विजेचा मोठा भाग कोळशाचा, आणि त्या कोळशाचा बराच वाटा याच छत्तीसगडच्या कोरबा परिसरातील खाणींचा. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात विमानवाहतुकीचा हिस्सा दोन-अडीच टक्क्यांचा आहे. हा हिस्सा लहान वाटतो. पण जगातील बहुसंख्य लोक विमानात कधी बसलेलेच नाहीत, हे ध्यानी घेतले म्हणजे तो थोड्यांचा भार ठरतो.

लहान पल्ल्यावर तर हा हिशेब अधिकच विरोधात जातो. कारण सर्वाधिक इंधन उंची गाठताना जळते, आणि विमानतळावरील प्रतीक्षा पल्ला लहान झाला म्हणून कमी होत नाही. रायपूर-नागपूर हे रेल्वेने सुमारे ३०० किलोमीटरचे अंतर. ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झालेल्या बिलासपूर-नागपूर वंदे भारत गाडीने ते साडेतीन तासांच्या आसपास आणले. तेव्हा नागपूरला सणासाठी वा सोयरिकीसाठी जाणाऱ्या रायपूरच्या मराठी कुटुंबाला वेळ, पैसा आणि हवा या तिन्ही खात्यांवर रेल्वेच किफायतशीर पडते. मुंबईच्या तातडीच्या कामासाठी विमान आणि नागपूरसाठी रेल्वे, असा विभाग केल्यास दरवर्षीच्या प्रवासखर्चात पडणारा फरक पासबुकातही दिसू शकेल.