काचा उघडाव्यात की वातानुकूलन चालवावे?

चैत्र-वैशाखाच्या उन्हात सटाण्याहून मालेगावकडे मोटारीने जाताना काचा उघडाव्यात की वातानुकूलन चालवावे, असा प्रश्न निघतो. त्याच्या आधारे 'हवेचा विरोध' हा पाठ शिक्षकांस सहज घेता येईल.

प्रयोग : मैदानावर विद्यार्थ्याने मोठा पुठ्ठा छातीसमोर धरून प्रथम चालावे, मग धावावे. काय जाणवले, ते त्यालाच सांगू द्यावे. नंतर नियम फळ्यावर लिहावा : वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध सुमारे चौपट होतो.

विवेचन : उघड्या खिडक्यांत वारा घुसून विरोधात भर पडते. ताशी ४० किलोमीटर वेगाला ही भर अल्प असते. ताशी ८० ला ती सुमारे चौपट होते. वातानुकूलनाचा कॉम्प्रेसरही इंजिनाच्याच शक्तीवर चालतो, म्हणजे तेथेही इंधन जळतेच. म्हणून गावातून सावकाश जाताना काचा उघडणे काटकसरीचे ठरते. महामार्गावर वेग वाढेल तसा हा लाभ घटत जातो. वाहनपरत्वे फरक पडतो. यास्तव एकच आकडा पाठ करून घेऊ नये.

सूचना : उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत ऊन काचेतून शिरते, उष्णता मात्र कोंडून राहते. थोड्याच मिनिटांत आतील हवा बाहेरच्याहून पुष्कळ अधिक तापते; काच थोडी उघडी ठेवल्यानेही भागत नाही. बसण्यापूर्वी दारे उघडून ती हवा जाऊ द्यावी. अशा मोटारीत लहान बालकास क्षणभरही एकटे ठेवू नये, हे प्रत्येक विद्यार्थ्याने घरी सांगावे. पाठाचे खरे सार्थक त्यातच आहे.