गाडीचें इंजिन मधूनच कां चुकतें ?

सोलापुरांत १८८२ सालीं जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतील पद्मिनी गाडी आतां निघत नाहीं. तरी कांहीं शेतकऱ्यांच्या दारीं ती अद्याप उभी दिसते. मजपाशींही एक आहे. तिच्या एका दोषाची हकीकत, इतरांस उपयोगी पडेल म्हणून, येथें देत आहें.

सकाळीं गाडी बिनतक्रार चाले. परंतु वैशाखांत मोहोळच्या वाटेवर इंजिन तापलें म्हणजे मधूनच गचके देई, आणि कांहीं वेळ थांबून निवलें कीं पुन्हा नीट चाले. मीं प्लग बदलविले, कार्ब्युरेटर साफ करविला. गुण आला नाहीं. तेव्हां गाडी हांकणारा मुलगा पेट्रोलांत भेसळ करतो असें मनांत घेऊन चार माणसांदेखत त्यास बोललों. तो त्याच दिवशीं काम सोडून गेला. महसुली कचेरींत पंचनाम्यावांचून शेरा मारूं नये हें मीं जन्मभर पाळलें; घरीं मात्र विसरलों.

पेट्रोलच्या इंजिनास तीन गोष्टी लागतात : पेट्रोल व हवा यांचें योग्य मिश्रण, सिलिंडरांतील पुरेसा दाब, आणि वेळेवर पडणारी सशक्त ठिणगी. यांपैकीं एक हुकली कीं इंजिन चुकतें. तपास पुढील क्रमानें करावा.

पहिली गोष्ट, दोष केव्हां होतो तें लिहून ठेवावें : थंड असतां कीं तापल्यावर, चढावर कीं सपाटीवर, पावसांत कीं कोरड्यांत.

दुसरी, एकच सिलिंडर चुकतो कीं चारही, हें पाहावें. इंजिन हळू चालत असतां, हाताला धक्का बसणार नाहीं अशा रबरी मुठीच्या पकडीनें एकेका प्लगची तार क्षणभर काढावी. जी काढल्यानें इंजिनाच्या चालींत फरक पडत नाहीं, तो सिलिंडर आळशी. त्याचा प्लग शेजारच्याशीं बदलून पाहावा. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग वाईट. जागींच राहिला तर तार, डिस्ट्रिब्यूटरचें झांकण किंवा व्हॉल्व्ह तपासावा.

तिसरी, चारही सिलिंडर एकदम चुकत असतील तर दोष सर्वांच्या सामाईक भागांत असतो. गाडी हळूहळू दम टाकीत असेल तर बहुधा पेट्रोल कमी पडतें; एकदम झटका बसून तुटत असेल तर बहुधा वीज. उन्हाळ्यांत नळींत पेट्रोलची वाफ धरते; यासाठीं गाडी थांबवून पेट्रोलच्या पंपावर ओलें फडकें ठेवून पाहावें. जवळ विडीकाडी मुळींच नको.

माझ्या गाडीचे चारही सिलिंडर झटक्यानें चुकत. ओल्या फडक्यानें कांहींच झालें नाहीं. म्हणून डिस्ट्रिब्यूटर उघडला. पॉइंट थोड्याच दिवसांपूर्वीं घांसलेले असून पुन्हा काळे पडलेले होते. पॉइंट उघडतांना कॉइलमधील प्रवाह एकदम तुटावा, यासाठीं लहानसा कंडेन्सर असतो. तो बिघडला म्हणजे ठिणगी पॉइंटांवरच उडते व प्लगापर्यंत दुबळी पोंचते. त्याच्या आंतील वेष्टण तापल्यावरच दगा देत असेल, तर थंड गाडींत तो निर्दोष दिसतो. सकाळीं मिस्त्रीस कांहीं सांपडत नव्हतें, याचें कारण हेंच.

म्हणून दोष चालू असतांनाच, गरम गाडींत, चांगला कंडेन्सर बसविला. गचके थांबले. तेवढ्यानें समाधान न मानतां जुना पुन्हा लाविला. गचके परत आले. तेव्हां खात्री पटली. एका वेळीं एकच वस्तु बदलावी व जुनी परत लावून ताळा पाहावा, हें या प्रकरणांतील मुख्य सूत्र. दोन वस्तु एकदम बदलल्यास कोणती दोषी होती तें कधींच कळत नाहीं, आणि पैसा मात्र दोहोंचा जातो.

कंडेन्सर अगदीं अल्प मोलाचा. मीं त्या मुलाच्या घरीं जाऊन, ज्यांच्यादेखत बोललों होतों त्यांच्याच समक्ष, चूक कबूल केली. त्यानें चहा दिला. कामावर मात्र आला नाहीं. शेतकरी बंधूंनीं गाडींत एक जादा कंडेन्सर व एक वही ठेवावी, आणि वहींत कारण लिहिलें जाईपर्यंत कोणावर दोष ठेवूं नये.