एस्तेरची कथा : राजदरबारातील स्त्रीचे मौन आणि वाणी

प्रास्ताविक

कथेतील स्त्री-व्यक्तिरेखेचा अभ्यास करताना एक साधा प्रश्न विचारावा : ती बोलते का, आणि बोलत असेल तर कोणत्या अधिकाराने? या पाठात हा प्रश्न आपण यहुदी धर्मग्रंथातील एस्तेरच्या कथेला लावून पाहू. ही कथा मराठी मुलखाला परकी नाही. तिच्यातील सुटकेच्या स्मरणार्थ साजरा होणारा पुरीम हा सण कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाजात ‘होळीचा सण’ या नावाने ओळखला जाई. कारण तो होळीच्याच सुमारास येतो.

आपल्या खानदेशाशीही तिचा एक धागा जुळतो. शूशन येथील राजवाड्याच्या पडद्यांचे वर्णन करताना मूळ हिब्रूत ‘कर्पस’ हा शब्द येतो. संपूर्ण हिब्रू बायबलात तो येथे एकदाच आढळतो. संस्कृत ‘कर्पास’ हे त्याचे मूळ, आणि आपला ‘कापूस’ हे त्याच मुळाचे मराठी रूप.

विषय-विवेचन

अ) वश्तीचा नकार : राजा अहश्वेरोश याचे राज्य ‘होदू’पासून, म्हणजे सिंधूच्या प्रदेशापासून, कूशपर्यंत १२७ प्रांतांत पसरलेले होते. मेजवानीच्या सातव्या दिवशी, मद्याच्या धुंदीत, त्याने राणी वश्तीला मुकुट घालून सर्वांसमोर आणण्याची आज्ञा केली. हेतू एकच, तिचे सौंदर्य लोकांना दाखवणे. वश्तीने येण्यास नकार दिला. आता निवेदनाकडे लक्ष द्या. नकार घडला एवढेच निवेदक सांगतो. वश्तीच्या तोंडी एकही वाक्य नाही, तिचे कारणही आपल्याला कळत नाही. उलट तिच्या विरोधात दरबारी ममुखान दीर्घ भाषण करतो. राणीचे पाहून सर्व स्त्रिया आपापल्या पतींना तुच्छ लेखतील, ही त्याची भीती. ज्या दरबाराला एका स्त्रीच्या नकाराविरुद्ध साम्राज्यभर फर्मान काढावे लागते, त्याची सत्ता किती डळमळीत आहे हे येथे सूचित होते.

आ) फर्मान आणि भाषा : हे फर्मान प्रत्येक प्रांताच्या लिपीत व प्रत्येक समाजाच्या भाषेत धाडले गेले. आशय असा : प्रत्येक पुरुषाने आपल्या घरात सत्ता चालवावी आणि आपल्या समाजाची भाषा बोलावी. पत्नीची भाषा वेगळी असल्यास तिने पतीची भाषा स्वीकारावी, असा याचा अर्थ मध्ययुगीन भाष्यकार राशी यांनी लावला आहे. अहिराणीत वाढलेली मुलगी लग्न होऊन पुण्या-मुंबईच्या घरी गेली, की तिची बोली बहुधा माहेरपणापुरती उरते. त्यासाठी कोणी फर्मान काढत नाही; तरी ते पाळले जाते.

इ) एस्तेरची वाणी : वश्तीच्या जागी आलेली एस्तेर ही पोरकी यहुदी मुलगी. तिला वाढवणाऱ्या मर्दखयाच्या सांगण्यावरून ती आपले कूळ लपवते. वश्तीचे मौन निवेदकाने लादलेले आहे. एस्तेरचे मौन ही जगण्याची युक्ती आहे. हामान यहुद्यांच्या संहाराचे फर्मान मिळवतो, तेव्हा ही युक्ती अपुरी ठरते. बोलावल्यावाचून राजासमोर जाणाऱ्यास मृत्युदंड होता आणि राजाने तिला तीस दिवस बोलावलेले नव्हते. तरीही मरणाची तयारी ठेवून ती जाते. मात्र ती लगेच मागणे मांडत नाही. दोन मेजवान्या देते, राजाची उत्सुकता वाढू देते आणि दुसऱ्या मेजवानीत आपल्यासह आपल्या लोकांचे प्राण मागते. ‘माझे लोक’ म्हणताच तिची लपवलेली ओळख उघड होते. तिचे धैर्य या उच्चारात आहे.

राजाचे फर्मान रद्द होत नसल्यामुळे प्रतिकाराची मुभा देणारे दुसरे फर्मान काढावे लागते. पुढे नवव्या अध्यायात पुरीमविषयीचे पत्र एस्तेर स्वतः पूर्ण अधिकाराने लिहिते. ज्या लेखणीने स्त्रियांना गप्प केले, ती अखेरीस एका स्त्रीच्या हाती येते.

समारोप

एस्तेरची स्तुती करण्यासाठी वश्तीला गर्विष्ठ ठरवण्याची प्रथा जुनी आहे. आपण ती टाळावी. वश्तीने नकाराची किंमत मोजली. त्या दरबारात शब्दांची किंमत काय असते हे एस्तेरला, आणि वाचकालाही, त्यामुळे आधीच ठाऊक आहे. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या दुसऱ्यांनी टिपून ठेवल्या म्हणून आपल्यापर्यंत आल्या. ज्यांचे शब्द कोणी टिपलेच नाहीत, त्यांचे मौन वाचण्याची सवय साहित्याच्या विद्यार्थ्याने लावून घ्यावी.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१) वश्तीचे मौन आणि एस्तेरचे मौन यांतील फरक स्पष्ट करा.
२) कथेच्या अखेरीस यहुद्यांच्या हातून मोठा रक्तपात होतो. एस्तेरच्या व्यक्तिरेखेचे मूल्यमापन करताना त्याचा विचार कसा कराल?
३) आपल्या घरातील एखाद्या वडीलधाऱ्या स्त्रीशी बोला. माहेरची कोणती शब्दरूपे तिने सासरी सोडली, त्यांची यादी करा.