चि. ओंकारला, पब्जीविषयी

सातारा

चि. ओंकार,

काल रात्री ताईचा फोन आला होता. कॉलनीतल्या कुणा पोराला पैसे देऊन तू पब्जीचा हॅक घेतलास, असं तिच्या कानावर आलंय. खरं आहे का? बीजीएमआयमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या पब्जीत, हॅक सापडला की आयडी बंद होतो, हे तुला ठाऊक असेलच. मला भीती वेगळीच आहे. तू ज्यावर खेळतोस तो फोन ताईचा आहे, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. कुठूनतरी आणलेल्या फाइलला मेसेज वाचायची परवानगी दिलीस तर? दाजी तिकडे नाशिकला, ती एकटी काय काय निस्तरणार?

आणि हॅक हवाच कशाला? मे महिन्यात इथे आला होतास तेव्हा तुझा खेळ मी बघितलाय. दर वेळी पोचिंकीत उडी, आणि मिनिटभरात लॉबीत परत. कडेच्या वस्तीत उतर, जरा वेळ जिवंत राहा, म्हणजे झोन कसा सरकतो ते तरी कळेल. गोळी लागली की उघड्यावरच उलटा फायर करतोस. आधी झाडाआड हो. एखाद्याला मारलंस की लगेच त्याच्या पेटीवर धावतोस, आणि त्याचा जोडीदार तिथेच तुला टिपतो. रोज आधी ट्रेनिंग ग्राउंडवर जा, एकच एम416 घे आणि भिंतीवर अख्खं मॅगझिन रिकामं कर. खुणा वर चढत गेल्या तर अंगठा खाली ओढायला शिक. यूट्यूबवर बघून सेन्सिटिव्हिटी सारखी बदलू नकोस, हात बसत नाही. हेडफोन लाव. भिंतीपलीकडचा माणूस हॅकने दिसायला लागला, तर पावलं ऐकायला तू कधी शिकणार?

आमच्या वेळी आम्ही पोवई नाक्यावर सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक खेळायचो. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसणारा एक मुलगा आम्हा सगळ्यांना मारायचा. आम्ही त्याला चीटर म्हणायचो. हे कसं जमतं रे तुला, असं त्याला एकदाही विचारलं नाही, याची मला अजून रुखरुख आहे.

आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी उसाच्या रानातल्या मैदानावर तिरंदाजी शिकली. 2023 साली बर्लिनला जगज्जेती झाली तेव्हा ती 17 वर्षांची होती, तुझ्याहून एका वर्षानेच मोठी. नेम असाच बसतो रे, रोज थोडा थोडा.

फार बोललो का? मुलं नूब म्हणतात, स्क्वॉडमधून काढतात, तेव्हा वाईट वाटणारच. त्यापायी तू हे केलं असशील तर मला समजतं. ताईलाही समजेल, पण तिला ते दुसऱ्याकडून कळायला नको होतं.

फोनमध्ये तो हॅक असेल तर आजच काढून टाक, आणि ताईला तूच सांग. रविवारी रात्री नऊला मी ऑनलाइन येतो, आपण दोघं ड्युओ खेळू. नॉक झालास तर घाबरू नकोस, हाक मार. मी येतो उचलायला.

तुझा,
मामा