दात सरळ झाले, पण मिळेनात

माझे वरचे पुढचे दात खालच्या दातांना जवळजवळ पूर्ण झाकायचे. तोंड मिटलं की खालच्या दातांच्या कडा वरच्या दातांमागे टाळूला टेकायच्या. डॉक्टर याला डीप बाइट म्हणतात. चाळिशीत त्या कडा झिजून थंड पाणी झोंबू लागलं, टाळूला वरचेवर जखम व्हायला लागली, तेव्हा दहिसर स्टेशनच्या वाटेवरच्या एका दवाखान्यात गेले.

तिथे तोंडाचं स्कॅन झालं, पुढे माझं हसू कसं दिसेल ते पडद्यावर दाखवलं आणि लगेच हप्ता ठरला. पारदर्शक अलाइनर लावून समोरचे दात काही महिन्यांत सरळ करायचे, असा बेत. एक्स-रे काढला नाही, हिरड्या तपासल्या नाहीत. तक्रार होती झिजेची आणि जखमेची. उपचार चालला होता हसण्यावर. दात खरंच सरळ झाले. पण आता तोंड मिटताना पुढचे दात आधी आपटायचे आणि मागे दाढांमध्ये फट राहायची. भाकरी नीट चावली जाईना. विचारलं तर उत्तर मिळालं, "होईल सवय."

सवय होत नाही. ज्या बाईंनी पुढे माझे उपचार केले, त्या ऑर्थोडॉन्टिक्समधल्या एम.डी.एस. होत्या. बी.डी.एस.नंतर तीन वर्षं फक्त दात आणि जबडे जुळवण्याचंच शिक्षण. त्यांनी आधी दोन एक्स-रे काढले: सगळे दात दाखवणारा ओपीजी आणि चेहऱ्याच्या बाजूने घेतलेला सेफॅलोग्राम. दुसऱ्यातून कळतं की दोष दातांचा आहे की जबड्याच्या हाडाचा. याच प्रश्नावर मोठ्या माणसाचा सगळा उपचार ठरतो. मुलांचा जबडा वाढता असतो, त्या वाढीला वळण देता येतं. आपला वाढायचा थांबलेला असतो. दोष हाडात मोठा असेल तर तारांच्या जोडीला जबड्याची शस्त्रक्रिया लागू शकते, आणि हे पहिल्याच भेटीत ऐकण्याचा तुमचा हक्क आहे.

"आता वय गेलं" म्हणणाऱ्यांचं मात्र ऐकू नका. दाताला हलका, सतत दाब दिला की एका बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं आणि दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. ही क्रिया पन्नाशीतही चालते. अट एकच, हिरड्या निरोगी हव्यात. सुजलेल्या, रक्त येणाऱ्या हिरड्यांत दात हलवले तर आधाराचं हाडच कमी होतं. म्हणून माझ्याही तारा लागल्या त्या हिरड्यांची साफसफाई आणि पुन्हा तपासणी झाल्यावरच. मधुमेह, तंबाखू, हाडं ठिसूळ झाल्याबद्दल चालू असलेल्या गोळ्या, हे सगळं डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा. त्या गोळ्यांपैकी काहींमुळे दात सरकणं मंदावतं.

जबड्याचा सांधा किंवा डोकं दुखायचं तारांनी नक्की थांबेल, असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर तिथून उठा. तशी हमी देता येत नाही.

तारा घट्ट केल्यावर तीन-चार दिवस दुखतं. मऊ भात, खिचडी, पिठलं यांवर भागतं. पेरू, कणीस, चिक्की पुढच्या दातांनी तोडायची नाही. तार धरून ठेवणारे ब्रॅकेट दातांच्या रंगाचे घेतले तर त्यांवरची पारदर्शक रबरं हळदीने पिवळी पडतात. आपल्या स्वयंपाकात हे टळणार नाही, तेव्हा पैसे देण्याआधी विचार करा. अलाइनर असतील तर दिवसाचे 20 ते 22 तास तोंडात हवेत. आणि उपचार संपल्यावर दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर रात्री वापरत राहायचा, डॉक्टर सांगतील तोवर, बहुधा कायमचा. तो सोडला की दात परत फिरू लागतात.

पूर्ण रक्कम आधी भरू नका. अमेरिकेत घरपोच अलाइनर देणारी स्माइलडायरेक्टक्लब ही कंपनी डिसेंबर 2023मध्ये बंद पडली, तेव्हा अनेकांचे उपचार अर्ध्यावर राहिले. उपचाराचा आराखडा लेखी घ्या, त्यात मागच्या दाढा कशा मिळतील ते लिहून मागा. एक्स-रेंच्या प्रती स्वतःकडे ठेवा.

दुसरं मत घ्यायला फार लांब जावं लागत नाही. महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला आहे, आपल्याच पश्चिम रेल्वेवर. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. दोन्हीकडे ऑर्थोडॉन्टिक्सचा स्वतंत्र विभाग आहे. गर्दी असते, वेळ लागतो. तरी कुठल्याही हप्त्यावर सही करण्याआधी एकदा तिथे दाखवून या.