वातानुकूलन यंत्र : किंमत आणि वीजखर्च

घरगुती वातानुकूलन यंत्र थंडी निर्माण करीत नाही. खोलीतील उष्णता उचलून ते बाहेर टाकते. म्हणूनच स्वतः घेतलेल्या विजेच्या तीन ते पाच पट उष्णता ते हलवू शकते. ‘टन’ हा शब्द या वहनाची क्षमता दर्शवितो. २००० पौंड बर्फ २४ तासांत वितळविण्यास लागणारा उष्णतेचा वेग, म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट, हा एक टन होय. विजेचा खप त्यावरून कळत नाही.

खप ठरतो तो कार्यक्षमतेवरून. भारतात या यंत्रांवर तारांकित पट्टी लावणे २०१० पासून सक्तीचे झाले. २०१८ पासून तारे हंगामी गुणोत्तरानुसार दिले जातात. वर्षातील १६०० तास आणि २४ ते ४३ अंश सेल्सियस बाह्य तापमान गृहीत धरून, हलविलेल्या उष्णतेला खर्चलेल्या विजेने भागले असता हे गुणोत्तर मिळते. ताऱ्यांचे निकष मात्र वेळोवेळी कडक झाले आहेत. तेव्हा निरनिराळ्या वर्षांच्या यंत्रांचे नुसते तारे मोजणे व्यर्थ होय. गुणोत्तराचा आकडा पाहावा.

समजा, एका खोलीतून १६०० तासांत ५२५० युनिट उष्णता बाहेर काढावयाची आहे. ३.५ गुणोत्तराचे यंत्र त्यासाठी १५०० युनिट वीज घेईल, ५ गुणोत्तराचे १०५०. युनिटला ८ रुपये दर धरल्यास वर्षाची बचत ३६०० रुपये. दुसरे यंत्र ९००० रुपयांनी महाग असेल, तर ती रक्कम अडीच वर्षांत वसूल होते. चेन्नईसारख्या दीर्घ उन्हाळ्याच्या शहरात हा हिशेब सहज जुळतो. बंगळूरच्या एखाद्या घरात यंत्र ४०० तासच चालले, तर वसुलीला दहा वर्षे लागतील. तोवर यंत्रच जुने झालेले असेल!

दर कोणता धरावा, यातच बहुधा चूक होते. बहुतेक राज्यांत घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. दिवे, पंखे व शीतकपाट यांच्या खपावर यंत्राची युनिटे चढतात, म्हणून ती सर्वांत वरच्या टप्प्यांत मोजली जातात. बिलाची रक्कम भागिले एकूण युनिटे असा सरासरी दर घेतल्यास बचत खऱ्यापेक्षा कमी दिसते.

गच्चीला चुन्याचा पांढरा हात दिला व पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून छज्जा काढला, तर मूळ उष्णताच घटते. ती ४२०० युनिटांवर आली असे मानल्यास स्वस्त यंत्रालाही १२०० युनिट वीज पुरते, आणि दोन यंत्रांतील अंतर ४५० वरून ३६० युनिटांवर येते.